तस्त आणि पंचा

आषाढी पौर्णिमेला आमच्या शाळेत गुरुपूजनाचा समारंभ होतो. व्हरांड्यात ओळीने खुर्च्या मांडतात, प्रत्येक खुर्चीपुढे एक तस्त ठेवतात, आणि आम्ही शिक्षक मंडळी ज्येष्ठतेच्या क्रमाने जाऊन बसतो. वर्गातला एकेक मुलगा पुढे येतो, तांब्यातले पाणी आमच्या पायांवर सोडतो, पंचाने पाय पुसतो, गंधफूल वाहतो आणि डोके टेकतो. वर्षानुवर्षे मी हे पाय असेच पुढे करीत आलो. त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नाही. खोटे कशाला बोलू, बरेच वाटत असे.

दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला होता. माझ्यापुढे आलेला मुलगा ओढ्यापलीकडच्या वाडीवरून चालत आला होता. पोटऱ्यांपर्यंत चिखल, बोटांच्या बेचक्यांत गवताची पाती अडकलेली. माझे पाय मात्र लख्ख होते. घरून निघताना मी ते साबण लावून धुतले होते. मुलाच्या हाताला घाण लागू नये म्हणून, असे मी स्वतःशी म्हटले होते. त्या मुलाने माझे धुतलेले पाय पुन्हा एकदा नीट धुतले, पुसले, नमस्कार केला, आणि आपले चिखलाचे पाय घेऊन तो वर्गात जाऊन बसला.

एरवी ही गोष्ट मी संध्याकाळपर्यंत विसरून गेलो असतो. पण त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी मी वसईला एक सोहळा पाहून आलो होतो, आणि तो डोळ्यांपुढून हलेना. वसईच्या किनारपट्टीवर माझे एक स्नेही राहतात. माझ्यासारखेच शिक्षक, धर्माने ख्रिस्ती. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्यांनी मला आपल्या चर्चमध्ये नेले. वेदीपुढे बाकावर बारा माणसे बसली होती. कुणी बागायतदार, कुणी होडीवर जाणारा, दोघी-तिघी बाया, एक शाळकरी पोर. धर्मगुरूंनी अंगावरचा वरचा झगा उतरवला, कमरेला पंचा गुंडाळला, आणि गुडघ्यांवर बसून ते एकेकाचे पाय धूत, पुशीत पुढे सरकू लागले. एका म्हाताऱ्याची पाळी आली तेव्हा त्याने पाऊल चटकन मागे ओढले. लोक हसले, धर्मगुरूही हसले. म्हातारा मात्र हसला नाही. आपल्या भेगाळलेल्या टाचेकडे तो असा पाहत होता, की जणू ती आज प्रथमच चारचौघांत उघडी पडली होती.

गुरुपूजनाच्या दिवशी ती टाच मला आठवली. तेव्हापासून या पाय धुण्याच्या रिवाजामागे मी लागलो, मिळेल ते वाचीत गेलो. इतिहास हा माझा विषय नव्हे. मी गोष्टी लिहिणारा माणूस. पण या रिवाजाचा इतिहास एखाद्या कादंबरीसारखा निघाला.

मूळ कथा योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. पॅलेस्टाइनच्या वाटा धुळीच्या, पायांत साध्या वहाणा. घरी आलेल्या पाहुण्याचे पाय धुणे हे गुलामाचे काम. यहुद्यांच्या एका प्राचीन भाष्यात असे आहे की, गुलाम स्वजातीचा असेल तर धन्याने त्याच्याकडून पाय धुऊन घेऊ नयेत. इतके ते काम हलके मानलेले. येशूला अटक झाली त्याच रात्रीचे ते भोजन. त्याच भोजनाच्या वेळी आपल्यात थोर कोण म्हणून शिष्यांत वाद झाल्याचे लूक सांगतो. योहान वादाविषयी काही बोलत नाही; तो सांगतो की येशू पंक्तीतून उठला, त्याने वरचे वस्त्र काढून ठेवले, कमरेला रुमाल बांधला आणि भांड्यात पाणी घेऊन शिष्यांचे पाय धुवायला आरंभ केला. पेत्र आपले पाय धुऊ देईना. धुतल्यावाचून तुझा माझा संबंध नाही असे ऐकताच तो दुसऱ्या टोकाला गेला, आणि हातही धू, डोकेही धू, म्हणून मागे लागला. वर्गात अशी मुले असतात, म्हणून मला हा पेत्र फार जवळचा वाटतो.

या कथेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. शेवटच्या भोजनातील भाकरी आणि द्राक्षारस यांचा प्रसंग, ज्यावर ख्रिस्ती उपासनेचा सारा डोलारा उभा आहे, तो इतर तिन्ही शुभवर्तमानांत येतो. योहानाने त्या जागी पाय धुण्याची ही कथा घातली आहे. दुसरी गोष्ट अशी की, यहूदा पंक्तीतून उठून काळोखात निघून जातो तो पाय धुऊन झाल्यानंतर. म्हणजे धन्याला विकणाऱ्याचे पायही त्या रात्री धुतले गेले होते. योहान हे मुद्दाम सांगत नाही. आपणच हिशेब करायचा.

पाय धुणे आपल्याला काही नवे नाही. आपल्याकडे सासरा जावयाचे पाय धुतो, यजमान अतिथीचे धुतो, शिष्य गुरूचे धुतो. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम आपणहून घेतले, आणि द्वारकेत सुदाम्याचे पाय धुतले. या कथा मी मुलांना दरवर्षी सांगतो व सांगताना माझा गळा दाटून येतो. परंतु राजसूयातले ते पाय ब्राह्मणांचे होते, आणि सुदामा दरिद्री खरा, पण तोही ब्राह्मणच. पाणी आपल्याकडे बहुधा खालून वर चढते. योहानाच्या कथेत ते वरून खाली येते, आणि पेत्र बावचळतो तो त्यामुळेच.

आता कथा सांगणे सोपे. पण तसे वागा असे सांगून ठेवले तर माणसांनी काय करावे? चौथ्या शतकात मिलान शहरी नव्या ख्रिस्त्याला बाप्तिस्मा दिला की त्याचे पाय धूत असत. रोममध्ये ही चाल नव्हती. बिशप अँब्रोजला कुणी तसे हटकले असावे. कारण आम्ही रोमचे अनुकरण करतो खरे, पण आम्हांलाही काही अक्कल आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने देऊन ठेवले आहे. पुढे ती चाल मागे पडली.

ज्याने हे काम सणावारातून काढून स्वयंपाकघरात नेले तो संत बेनेदिक्त. सहाव्या शतकात इटलीतील मोन्ते कासिनोच्या मठासाठी त्याने जी नियमावली लिहिली, ती वाचताना मला सारखे वाटत होते की हा गृहस्थ चांगला हेडमास्तर झाला असता. स्वयंपाकाची पाळी प्रत्येकाला आहे. आजाऱ्याला किंवा मोठ्या जोखमीच्या कामात गुंतलेल्यालाच तेवढी सूट. आठवड्याची पाळी संपते त्या शनिवारी सगळी साफसफाई करायची, हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, भांडी स्वच्छ व धड अवस्थेत कोठारप्रमुखाच्या ताब्यात द्यायची. आणि पाळी संपलेला व पाळी लागणारा अशा दोघांनी मिळून सर्व बंधूंचे पाय धुवायचे. तिथे घंटा नाही, धूप नाही, बघे नाहीत. भांडी मोजून देणे आणि पाय धुणे ही एकाच दमात सांगितलेली कामे आहेत.

पाहुण्यांविषयीचा त्याचा नियम त्याहून मार्मिक आहे. आलेल्या प्रत्येक पाहुण्याचे पाय मठाधिपतीने आणि साऱ्या मठाने धुवावेत. परंतु गरीब आणि वाटसरू यांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी. का? तर श्रीमंताचा दरारा आपणच आपला मान वसूल करून घेतो. जवळजवळ पंधराशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे वाक्य आमच्या शाळेच्या कचेरीत लावण्यासारखे आहे. पालक मोटारीतून उतरले की खुर्ची आपोआप पुढे येते.

याच शतकाच्या अखेरीस ग्रेगरी हा मठवासी पोप झाला (इ. स. ५९०). देवाच्या सेवकांचा सेवक असे तो आपणास म्हणवून घेई. ते बिरुद पुढे पोपच्या कागदपत्रांवर कायमचे राहिले. सेवकत्वाचीही पदवी होते, ती अशी. त्यानंतरच्या शतकांत क्लूनीच्या मठात रोज तीन गरिबांचे पाय धुण्याची शिस्त होती. स्पेनमधील तोलेदोच्या धर्मसभेने ६९४ साली पवित्र गुरुवारी हा विधी झालाच पाहिजे असे फर्मावले. एकमेकांवर प्रेम करा ही येशूची नवी आज्ञा याच भोजनाच्या वेळची. आज्ञेला लॅटिन शब्द ‘मांदातुम’, त्यावरून इंग्रजीत त्या दिवसाला ‘माँडी थर्सडे’ म्हणू लागले.

मग राजे आले, आणि गोष्टीला रंग चढला.

फ्रान्सचा नववा लुई (राज्यकाल १२२६ ते १२७०) पुढे संत म्हणून गौरवला गेला. त्याचा एक सरदार होता ज्वाँव्हील. त्याच्याबरोबर धर्मयुद्धावर गेलेला, सरळ बोलणारा. राजाने त्याला एकदा विचारले, पवित्र गुरुवारी तू गरिबांचे पाय धुतोस की नाही? ज्वाँव्हील उसळून म्हणाला, छे, त्या गावंढळांचे पाय मी कधीच धुणार नाही! राजाने त्याला समजावले, की देवाने जे करून दाखवले त्याची तू घृणा करू नयेस. आधी देवासाठी आणि मग माझ्यासाठी तरी ही सवय लावून घे. पुष्कळ वर्षांनी, १३०९ साली, म्हाताऱ्या ज्वाँव्हीलने राजाचे चरित्र पुरे केले, तेव्हा आपले हे उर्मट उत्तर त्याने जसेच्या तसे नोंदवून ठेवले. मला तर राजाच्या पाय धुण्यापेक्षा सरदाराचे हे न लपवणे मोठे वाटते. कारण हाच लुई, ज्याने गरिबांची पावले हातात धरली, त्याच्याच राज्यात १२४२ साली पॅरिसमध्ये यहुद्यांच्या तालमूद ग्रंथाच्या गाड्याच्या गाड्या जाळण्यात आल्या, आणि १२६९ साली त्याने यहुद्यांना कपड्यांवर ओळखीची खूण लावण्याची सक्ती केली. ज्याने प्रथम पाय धुतले तो यहुदी होता आणि ज्यांचे धुतले तेही यहुदीच होते, हे त्या धार्मिक राजाला कसे आठवले नाही, कोण जाणे.

इंग्लंडात जॉन राजाने १२१३ साली रॉचेस्टरला तेरा गरिबांना प्रत्येकी तेरा पेन्स वाटल्याची नोंद आहे. पुढे राजाचे जितके वय तितके गरीब, असा प्रघात पडला. राणी एलिझाबेथचा असा एक समारंभ ग्रेनिचच्या राजवाड्यात झाला, त्याचे तपशीलवार वर्णन उपलब्ध आहे. साल त्या वेळच्या मोजणीने १५७२, आजच्या मोजणीने १५७३. राणी एकोणचाळीस वर्षांची होती, म्हणून गरीब एकोणचाळीस. दिवाणखान्यात बाके, त्यांपुढे गालिचे, राणीला गुडघे टेकायला उशी. आणि आता नीट ऐका. प्रथम राजवाड्याच्या धुलाईखान्याच्या नोकराने सुगंधी फुले घातलेल्या कोमट पाण्याने सर्वांचे पाय धुतले. मग दानधर्म खात्याच्या दुय्यम अधिकाऱ्याने धुतले. मग मुख्य अधिकाऱ्याने धुतले. त्यानंतर राणी आली. एकोणचाळीस मानकरी स्त्रिया एप्रन बांधून, पंचे घेऊन मदतीला. आणि राणीने ते तीनदा धुतलेले पाय चौथ्यांदा धुऊन त्यांचे चुंबन घेतले. नंतर कापड, जोडे, मासे, पाव, मद्य आणि प्रत्येकी एकोणचाळीस पेन्स वाटण्यात आले.

हे वाचून मी पुस्तक मिटले. माझा साबण मला आठवला.

राणीची थट्टा करणे सोपे आहे. तिच्या बाजूनेही बोलता येईल: रोगराईचे दिवस, रस्त्यावरचे पाय, तिच्याजागी आपण असतो तर गुडघे तरी टेकले असते की नाही? पण मला राहून राहून वाटते ते त्या धुलाईखान्याच्या नोकराविषयी. जे पाय खरोखर मळलेले होते, ते त्या दिवशी एकट्यानेच धुतले. वर्णन करणाऱ्याने त्याचा हुद्दा लिहिला, नाव लिहिले नाही.

पुढची हकीकत झटपट सांगण्यासारखी आहे. दुसरा जेम्स हा स्वतः पाय धुणारा शेवटचा इंग्रज राजा असे मानतात. नंतर ते काम अधिकाऱ्यांकडे गेले, आणि अठराव्या शतकात पाय धुणेच बंद पडले. पैसे उरले. राजाने स्वतः हजर राहून ते वाटण्याची प्रथा पाचव्या जॉर्जने १९३२ साली पुन्हा सुरू केली. २०२३ साली यॉर्कच्या चर्चमध्ये तिसऱ्या चार्ल्सने आपल्या वयाइतक्या, म्हणजे ७४ पुरुषांना आणि ७४ स्त्रियांना नाण्यांच्या थैल्या दिल्या. विधीतले अधिकारी खांद्यावरून पांढरे पंचे अजून बांधतात. फक्त ते कोरडेच राहतात. तिकडे व्हिएन्नात सम्राट फ्रान्झ जोसेफ आपल्या दीर्घ कारकीर्दीत राजवाड्यात बारा वृद्धांचे पाय धूत असे, तोही दरबारी थाट होता.

या थाटाचा उबग आलेली माणसेही ख्रिस्ती समाजातच निपजली. मार्टिन लूथरला हा विधी मनापासून आवडत नसे. मेनोनाइट पंथाच्या लोकांनी मात्र निराळी वाट काढली. राजांनी बिघडवले म्हणून त्यांनी ते टाकून दिले नाही. १६३२ साली हॉलंडात डॉर्ड्रेख्तला त्यांनी जो श्रद्धेचा जाहीरनामा मान्य केला, त्यात पाय धुण्याला स्वतंत्र कलम आहे. जर्मनीतील श्वार्झेनाऊ गावी १७०८ साली आठ माणसांनी नदीत बाप्तिस्मा घेऊन ब्रदरन पंथ स्थापला. त्यांच्या प्रेमभोजनात आधी पाय धुणे, मग जेवण, मग भाकरी-द्राक्षारस. आणि धुण्याची रीत अशी की, शेजाऱ्याने माझे धुतले की मी उठायचे आणि पुढच्या शेजाऱ्याचे धुवायचे. पाणी वरूनही येत नाही आणि खालूनही चढत नाही. बाकावरून बाकाकडे जाते.

या पंथाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बलसाडला उतरले, आणि पुढे आपल्या डहाणूलाही त्यांचे ठाणे झाले. १९७० साली नागपुरात उत्तर भारतातील सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले, त्यांत ही मंडळीही होती. आपल्या मुलुखात हे तस्त असे दोन वाटांनी आले: वसईला पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात, आणि डहाणूला या साध्या लोकांबरोबर.

कॅथलिक चर्चमध्ये बाराव्या पायसने १९५५ साली जो सुधारणेचा हुकूम काढला, त्याने हा विधी गावोगावच्या चर्चमध्ये गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेत करण्याची मोकळीक दिली. धुवायचे पाय मात्र पुरुषांचेच. पुढे २०१३ साली फ्रान्सिस पोप झाले, आणि निवडीनंतर दोनच आठवड्यांनी, २८ मार्चच्या गुरुवारी, मोठ्या बॅसिलिकेऐवजी रोममधील कासाल देल मार्मो या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले. बारा जणांचे पाय त्यांनी धुतले. त्यांत दोन मुली होत्या, आणि त्यांतली एक मुसलमान. मोठा गहजब झाला. स्त्रियांचे पाय धुणे नियमात बसत नाही, असे धर्मपंडित म्हणू लागले. २०१६च्या जानेवारीत नियमच बदलला. वसईच्या बाकावर मी ज्या बाया पाहिल्या, त्या या बदलामुळे तिथे बसल्या होत्या. त्याच वर्षी फ्रान्सिस यांनी निर्वासितांच्या छावणीत ज्यांचे पाय धुतले, त्यांत मुसलमान होते, कॉप्टिक स्त्रिया होत्या, आणि आपल्या देशातला एक हिंदूही होता.

हाही एक देखावाच नव्हे काय, असे माझ्या स्नेह्यांना मी विचारले. कॅमेरे होतेच की! ते म्हणाले, “गुरुजी, कॅमेरे होते हे खरे. पण तुरुंगातल्या पोराचे पाय घरून धुऊन आणता येत नाहीत.” तुरुंगातही त्या दिवशी पोरांनी पाय धुतले असतीलच, असे मी म्हणणार होतो, पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहून गप्प राहिलो.

२०२४ साली फ्रान्सिस यांना गुडघ्यांवर बसवत नव्हते. रेबिब्बियाच्या स्त्रियांच्या तुरुंगात बारा कैदी स्त्रियांना उंच चौथऱ्यावर बसवले, आणि त्यांनी चाकाच्या खुर्चीतून त्यांचे पाय धुतले. पुढच्या वर्षी, २०२५च्या १७ एप्रिलला, मोठ्या दुखण्यातून उठलेला हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेला. सुमारे सत्तर कैदी भेटायला जमले होते. यंदा मला पाय धुणे जमणार नाही, पण मी तुमच्याजवळ आलो आहे, अशा अर्थाचे थोडके बोलून ते परतले. चौथ्या दिवशी, २१ एप्रिलला, ते वारले.

यंदाच्या गुरुपौर्णिमेला मुलांचे पाय आपण धुवावेत असे माझ्या मनात आले होते. धीर झाला नाही. हेडमास्तर काय म्हणतील, पालक काय म्हणतील, आणि मुलेच पेत्रासारखी पाय मागे ओढतील, असे सारे विचार करून झाले. शेवटी मी खुर्चीवर बसलो नाही, एवढेच. पाणी भरून देण्याचे काम मागून घेतले आणि हापशावरून घागरी वाहत राहिलो. तो ओढ्यापलीकडचा मुलगा यंदा एका नव्या शिक्षकांपुढे तांब्या घेऊन उभा होता. त्याच्या तांब्यात मी पाणी ओतले तेव्हा त्याने माझ्याकडे काळजीने पाहिले. दुपारपर्यंत वर्गात बातमी पसरली होती, की गुरुजींचे हेडमास्तरांशी काहीतरी बिनसले आहे.